स्काउटला पुजारी कशाला व्हायचंय?

मल्टिक्लास करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र घेऊन बसतात. राक्षस, गुहा, पडके किल्ले, सगळं तोंडी. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. प्रत्येक पात्राचा एक क्लास असतो, म्हणजे पेशा म्हणा. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी पुजारी. स्काउट म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाऊन वाट काढणारा, माग बघणारा, धोका आधी ओळखणारा. खेळत गेलं की लेव्हल वाढते आणि आपल्या पेशातलं नवं काहीतरी हाती येतं. काही शहाण्यांना मात्र एका पेशात भागत नाही, त्यांना दोन्हीकडच्या लेव्हल हव्या असतात. त्यालाच मल्टिक्लास म्हणतात. मी म्हणते, एक ना धड भाराभर चिंध्या.

मी तळेगावच्या एका शाळेत गणित शिकवते, राहते घोरावाडी स्टेशनजवळ. रविवारी दुपारी लोकल पकडून लोणावळ्याला मैत्रिणीकडे खेळायला जाते. शेजारच्या काकूंना वाटतं मी भिशीला जाते. वाटू दे. गोष्ट ही मैत्रीण चालवते, म्हणून तिला आम्ही मास्तरीण म्हणतो. खरी मास्तरीण मी, पण तिथं माझं कोण ऐकतं! तिसरा गडी रेल्वेत सिग्नलचं काम बघतो. त्याचं पात्र म्हणजे कुऱ्हाड घेतलेला आडदांड योद्धा. स्वतः मात्र इतका भित्रा, की मास्तरणीची मांजर अंगावर आली तर पाय वर घेऊन बसतो.

गेल्या दिवाळीनंतर मी तिथं माझ्या धाकट्या भावाला नेलं. हौस म्हणून नव्हे. आईने जीव खाल्ला होता म्हणून.

भाऊ आणि आई गावी, टाकव्याला असतात. भाऊ कंपनीत कामाला जातो आणि गेली बरीच वर्षं डोंगरात हरवलेल्या, पडलेल्या माणसांना शोधणाऱ्या गावातल्या टीममध्ये आहे. पगार नाही, काही नाही. फोन आला की दोर खांद्यावर टाकून निघायचं. टीममध्ये त्याचं काम पुढं जाण्याचं. धुक्यात सुद्धा त्याला वाट सापडते. आई म्हणायची, "ह्याला आंधळा करून सोडला तरी घरी यील."

गणपती उठल्यावर एक फोन आला. डोंगरात फिरायला एकटाच आलेला माणूस होता, माझ्याच वयाचा, ऑफिसात काम करणारा. आंदर मावळातल्या एका डोंगरात वाट चुकला होता. असा फोन टीमकडं आला की ज्याला तो डोंगर पाठ असेल त्याच्याकडं देतात. भावाकडं दिला. भावाने त्याला समोर काय दिसतं ते विचारलं, जागा ओळखली, आणि टीमची माणसं हरवलेल्या प्रत्येकाला सांगतात तेच सांगितलं: जागा सोडू नका, आम्ही येतोय. हे बरोबरच आहे. घाबरलेला माणूस अंधारात चालायला लागला की कड्यावरून जातो, हे मावळात पोराटोरांना माहीत आहे. तो माणूस जिथं होता तिथं थांबला. पावसाने उघडीप दिली होती आणि तो एका सुकलेल्या ओढ्यात बसला होता. वर पठारावर ढग फुटला आणि लोंढा आला. टीम पोचली तेव्हा तो त्या जागेवर नव्हता. बराच खाली सापडला.

भावाला कुणी बोल लावला नाही. पोलिसांनी नाही, टीमने नाही. त्या माणसाची बायको आली होती, तिने तर याला हात जोडले. त्या दिवसापासून हा गप्प झाला. कंपनीत जायचा, यायचा, जेवायचा, भिंतीकडं तोंड करून पडायचा. टीमचे फोन उचलेना. टीमचे म्होरके, ज्यांना सगळे 'भाऊ' म्हणतात, ते घरी आले, तर हा मागल्या दाराने रानात गेला. आई मला फोनवर म्हणाली, "पोरगं जितं हाय पर घरात न्हाई गं. तू शिकलीसवरलेली, त्याला बोलतं कर कसंबी. न्हाईतर माझ्या हातचं जाईल त्ये."

आता मी काय करणार? डॉक्टरकडं चल म्हटलं तर उठून गेला. मग म्हटलं, चल, रविवारी माझ्याबरोबर, नुसता बसून रहा. टाकव्याजवळच्या कान्हे स्टेशनवर तो माझ्या डब्यात चढला आणि लोणावळ्यापर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसला. पहिले काही रविवार त्याने मास्तरणीकडचे पोहे खाल्ले, बाकी तोंड उघडलं नाही. एका रविवारी मात्र म्हणाला, "मला बी एक कॅरेक्टर द्या."

मला काय आनंद झाला! मी म्हटलं, मी बनवून देते. बनवणं माझा हातखंडा. अंक मला कळतात. कुठला गुण वाढवला तर कुठं फायदा, हे मी बसल्या बसल्या सांगते. मी त्याला असला देखणा स्काउट करून दिला! चपळाई भरपूर, नजर तीक्ष्ण, धनुष्य, हलके बूट. पुढच्या प्रत्येक लेव्हलला काय घ्यायचं ते सुद्धा ठरवून ठेवलं. तोही पहिल्यांदा जरा हसल्यासारखा झाला. म्हणाला, "ह्यो चांगला हाय."

आणि दुसऱ्या लेव्हलला पठ्ठ्याने काय घेतलं? पुजारी.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "अरे, स्काउटला पुजारी कशाला व्हायचंय? घंटा वाजवत माग काढणार का?"

"पायजे मला."

"बरं, देव कुठला?" मास्तरणीने विचारलं. पुजाऱ्याला खेळातला एखादा देव निवडावा लागतो.

"कुटला बी चालंल."

घरी आई ऐकून मात्र खूष. दिवे लावायचे सोडून फोनवर मला विचारते, "देवाचं घेतलंय म्हणं त्येनं? बरं झालं बाई. देवाला हात जोडायचं सोडलंतं." मी तिला काय सांगू, की हा देव पुठ्ठ्याच्या खोक्यातला आहे!

त्यानंतर तो प्रत्येक लेव्हल पुजाऱ्याचीच घेत गेला. स्काउट जिथल्या तिथं राहिला. माझी सगळी आखणी पाण्यात. खेळात चोरपावलांनी पुढं जायची वेळ आली की याला जमेना, कारण त्या लेव्हल घेतल्याच नव्हत्या. लढाईत याचा बाण लागेना. आणि मुक्काम करायचा म्हटलं की याचा वेगळाच ताप. कुठंही तंबू टाकायचं ठरलं की हा विचारायचा, "वरच्या अंगाला काय हाय?" मास्तरीण म्हणायची, काही नाही, माळ आहे. "माळावर पाणी साचतं का?" असं करत करत आमची सगळी वरात उठवून तो उंचावर न्यायचा. एकदा उंचावर गेलो आणि तिथं ड्रॅगनने पकडलं. तेव्हा सिग्नलवाला वैतागून म्हणाला, "अहो, खाली सुखात होतो की!" भावाने त्याच्याकडं असं बघितलं की त्याने मुकाट्याने पोह्यांचा पुढचा घास तोंडात घातला.

मला कळत होतं हे कुठून येतंय ते. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? पण मला वाटत होतं, येऊ दे बाहेर, खेळात येतंय तर खेळात येऊ दे. फक्त तो पुजारी मला कळत नव्हता. मी धरून चालले होते की त्याला माणसं बरी करायची आहेत, जखमा भरायच्या आहेत. पुजाऱ्याचं मुख्य काम तेच. पण जखमा भरायचे मंत्र तो घेतच नव्हता.

मग एका रविवारी भडका उडाला. आम्ही एका पुलावर अडकलो होतो. सिग्नलवाल्याचा योद्धा मरायला टेकला होता आणि भावाचा नंबर आला. त्याच्याकडं ना धड बाण, ना धड औषध. मी ओरडले, अगदी वर्गात ओरडते तशी. "मी सांगत होते! ना धड स्काउट, ना धड पुजारी! कशाला करून ठेवलंस हे गाठोडं? कुणाच्या उपयोगाचं आहे?"

बोलले आणि जीभ चावली. कुणाच्या उपयोगाचं, हे मी त्याला म्हणायला नको होतं, त्या पावसाळ्यानंतर तर नकोच.

तो चिडला नाही. त्याने मास्तरणीसमोरचं नियमांचं पुस्तक ओढून घेतलं, पुजाऱ्याचं पान काढलं आणि एका मंत्रावर बोट ठेवलं. "मला ह्यो एकच पायजे. आता एकच लेव्हल राहिलीय."

मी वाचलं. मेलेल्या माणसाशी बोलण्याचा मंत्र. पुजारी मृताजवळ बसतो, मंत्र म्हणतो, आणि मृत मोजक्या प्रश्नांची उत्तरं देतो. जिवंतपणी त्याला जे ठाऊक होतं तेवढंच सांगतो.

 इतके महिने मी त्याला अंक शिकवत होते, गुणांचा हिशेब समजावत होते, आणि हा एका मेलेल्या माणसापर्यंत जायची वाट काढत होता. खेळातली का असेना, वाटच ती. आणि तीही किती चिकाटीने! पहिल्यापासून सरळ पुजारी घेतला असता तर लवकर पोचला असता. पण स्काउटही सोडवत नव्हता त्याला.

मला झोप लागेना. मी मास्तरणीला फोन केला. म्हटलं, "तो त्या मंत्रापर्यंत पोचला की काहीतरी विचारणार. काय विचारेल ते मला माहीत नाही. पण मेलेल्याच्या तोंडून तू त्याला सांग, की तुझी चूक नव्हती. एवढंच सांग."

 ती म्हणाली, "आणि त्याने दुसरंच काही विचारलं तर?"

"काहीही विचारू दे. तू हेच सांग."

"असं नाही गं जमत. त्याला कळेल, की हे तू पढवलंयस. मग तो माझ्याकडं यायचा बंद होईल, आणि तुझ्याकडं पण."

"तुझं काय जातंय खोटं बोलायला? राक्षस बोलतात तुझ्या तोंडून, चेटकिणी बोलतात, एक मेलेला माणूस नाही बोलू शकत?"

"तो खरा मेलाय," ती म्हणाली.

मी फोन आपटला. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मला राग तिचा नव्हता. मला भीती वाटत होती, की माझा भाऊ इतक्या लांबून चालत जाऊन ज्या दारात उभा राहणार आहे तिथं त्याला कुणीच ओ देणार नाही. मग तो परत कुठं जाईल? आई म्हणाली तसा हातचा जाईल, आणि तिथं नेऊन सोडणारी मी असेन.

तरी गेले. रविवारी कान्ह्याला तो चढला, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. देवळात निघाल्यासारखा. 

त्या दिवशीच्या गोष्टीत एका किल्ल्याच्या भुयारात जुन्या पहारेकऱ्याचं प्रेत सापडलं. किल्ल्याची चावी कुठं पुरलीय ते फक्त त्यालाच ठाऊक. मास्तरणीने भावासाठीच आणलं होतं ते, मला कळलं. सिग्नलवाला खूष झाला. "चला, पुजारीबुवा, विचारा चावी कुठाय!"

भावाने मंत्र म्हणतो म्हणून सांगितलं. फासे टाकले, जमलं. मास्तरणीने आवाज खोल केला. "विचार. मी ऐकतोय."

भाऊ ताठ बसला. आणि बोलला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. घरात, कंपनीत, आमच्यात तो टाकव्याचंच बोलतो. हा आवाज वेगळा, स्वच्छ, शहरी, सावकाश. हरवलेल्या पाहुण्यांशी फोनवर तो असाच बोलतो, त्यांना नीट कळावं म्हणून. मी किती वेळा ऐकलाय तो.

"सर," तो म्हणाला, "जागा सोडू नका म्हणालो, ते मला आठवतंय. पण ओढ्यातून निघून थोडं वर सरका, असं मी तुम्हाला म्हणालो होतो का?"

सिग्नलवाला म्हणाला, "अहो, चावी..." आणि त्याचं त्यालाच काहीतरी कळलं, तो थांबला.

म्हणजे हे होतं! चूक झाली की नाही, हा त्याचा प्रश्नच नव्हता. ते एक वाक्य आपण बोललो की नाही, हेच त्याला आठवत नव्हतं. नेहमी बोलतो तो. प्रत्येकाला सांगतो, ओढ्यात बसू नका, उंचावर बसा, पाठीला दगड घ्या. त्या दिवशी बोलला का? ऐकणारा एकच माणूस होता आणि तो गेला. मी मास्तरणीकडं बघितलं. डोळ्यांनी, मानेने, जेवढं जमेल तेवढं तिला सांगत होते, हो म्हण. बाई गं, हो म्हण, तुझ्या पाया पडते.

तिने समोरचं पुस्तक मिटलं. मग त्याच खोल आवाजात, पण हळू, म्हणाली, "तुझा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. पाणी फार वाजत होतं."

मला तिचा मुका घ्यावासा वाटला. खोटंही नाही आणि दोषही नाही. मला अख्खा जन्म घालवून असं सुचलं नसतं.

भावाने मान हलवली. "न्हाई," तो म्हणाला, आणि आता तो टाकव्याचा झाला होता. "पानी तवा आलंच नव्हतं. समदं साफ ऐकू येत होतं. त्ये 'बरं' म्हणालं मला. 'बरं, दादा' म्हणालं. पर कशाला म्हणालं, थांबतो बरं का सरकतो बरं, त्ये न्हाई कळत."

मग तो रडला. किती महिन्यांनी! मोठ्याने, लहान पोरासारखा, नाक पुसायचं भान नाही. सिग्नलवाल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला तो काढलाच नाही. मास्तरीण स्वयंपाकघरात निघून गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मी काय केलं? मी फासे गोळा करत बसले. मला दुसरं काही सुचेना.

संध्याकाळी लोणावळ्याच्या फलाटावर आम्ही लोकलची वाट बघत बसलो. तोंड धुऊन तो जरा सावरला होता. मी म्हटलं, "हे बघ, तू म्हणालाच असशील. सवय असते जिभेला. शंभर जणांना सांगतोस, त्यांनाही सांगितलंच असणार. तसंच धरून चाल आणि सुट."

"न्हाई ताई. मी धरून चालणार, की म्हणालो न्हाई."

"अरे, का पण? कुणी शिक्षा दिलीय का तुला?"

"म्हणालो असं धरलं, तर मी निवांत हुईन. निवांत झालो, की फुडच्या माणसाला सांगायचं राहून जाईल." तो रुळांकडं बघत होता. "न्हाई म्हणालो असं धरलं, तर त्ये वाक्य माझ्या तोंडातनं पयलं निगंल. दर येळी."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. माणसाने असं करू नये. जे झालं की नाही हे देवालाही ठाऊक नसेल, ते आपणच आपल्या डोक्यावर कायमचं घेऊन फिरायचं, हे काय शहाणपण आहे? एवढी वर्षं मी पोरांना शिकवते, की जे सिद्ध झालं नाही ते धरून चालू नये.  पण पुढचा माणूस येणार होता. पुढचा पावसाळा येणार होता, आणि कुणीतरी कुठल्यातरी ओढ्यात बसून याला फोन करणारच होता.

"मंजे, जातोयस तू परत?" मी विचारलं. माझं पण टाकवं बाहेर आलं.

"व्हय. मगाशी टीमच्या भाऊंना फोन केलता, रविवारी दोर तपासायचेत म्हणाले. तवा पुढल्या रविवारी मी न्हाई येत खेळाया."

घरी पोचल्यावर मी आईला फोन केला. ती म्हणाली, "काय गं, बोलला का?" मी म्हटलं, बोलला, पुष्कळ बोलला, आणि टीममध्ये परत जातोय. तिला फोनवरच हुंदका फुटला. "माझ्या बाई, गुण आला गं तुझ्या खेळाला! सुटला पोरगा माझा," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी तिला हो म्हटलं.